नोकरी बदलताना आई-वडिलांच्या मेडिक्लेमचे काय करावे?

गोदाकाठ – ५ ऑक्टोबर २०२५

नमस्कार. मी नाशिकला अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात अकरा वर्षे गुणवत्ता विभागात काम करतो. सप्टेंबरमध्ये मी राजीनामा दिला असून शुक्रवार, १४ नोव्हेंबर हा माझा येथील शेवटचा दिवस आहे. चाकणच्या नव्या कंपनीत सोमवार, १ डिसेंबरला रुजू व्हायचे आहे. मधले सोळा दिवस घर हलवणे आणि मुलीचा शाळाप्रवेश यांसाठी मी मुद्दाम मागून घेतले होते. त्या सोळा दिवसांत आमच्या सहाही जणांवर, चुकलो, पाचही जणांवर कोणताच आरोग्य विमा असणार नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आले नाही. (घरातले सहावे माणूस म्हणून आमच्या आईने मांजर मोजायला शिकवले आहे.)

सध्याच्या कंपनीचा गटविमा पाच लाखांचा आहे. त्यात मी, पत्नी, सहा वर्षांची मुलगी आणि आई-वडील असे सगळे आहोत. वडील ६९ वर्षांचे आहेत; त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि २०२१ मध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली. त्या वेळी २,८६,००० रुपयांचे बिल झाले होते. आई-वडिलांसाठी असलेले दहा टक्के को-पे, म्हणजे २८,६०० रुपये, एवढेच आम्ही भरले आणि बाकीचे सगळे कॅशलेसमध्ये भागले. आई ६४ वर्षांची आहे; तिला थायरॉइडची गोळी चालू आहे आणि गुडघे कुरकुरत आहेत.

नव्या कंपनीचा विमा तीन लाखांचा आहे व तो फक्त पती, पत्नी आणि मुले यांच्यासाठी आहे. आई-वडिलांना घ्यायचे असल्यास वर्षाला ३२,००० रुपये अधिक जीएसटी पगारातून कापले जातील आणि त्यांच्या प्रत्येक क्लेमवर वीस टक्के को-पे राहील. याशिवाय मी, पत्नी आणि मुलगी यांच्यासाठी माझी स्वतःची एक सुपर टॉप-अप पॉलिसी आहे; तिचे डिडक्टिबल पाच लाख आहे, म्हणजे वर्षभरातील बिले पाच लाखांच्या वर गेली तरच वरची रक्कम ती देते.

ओळखीच्या एका एजंटाचे म्हणणे असे की, कंपनीचा मेडिक्लेम तो त्याच्या कंपनीत ‘पोर्ट’ करून देईल, त्यामुळे वडिलांच्या जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळेल आणि मधल्या सोळा दिवसांचीही काळजी राहणार नाही. हे खरे आहे का? खरे नसल्यास मी नेमके काय करावे? पत्नीला सोळा दिवसांची काळजी वाटते, मला वडिलांची वाटते, आणि दोन्हींचे उत्तर एकच आहे की वेगवेगळे, हेच मला कळत नाही.

निवृत्त विमाकर्मी – ५ ऑक्टोबर २०२५

आपण प्रश्न वेळेत विचारला, ही यातील सर्वांत चांगली गोष्ट आहे. मी एका सरकारी विमा कंपनीत एकतीस वर्षे काढली. हाच प्रश्न घेऊन येणारे बहुतेक लोक जुनी नोकरी सोडून महिना उलटल्यावर येत असत, आणि तेव्हा मला त्यांना चहा देण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे.

एजंट जे सांगतो आहे त्यात दोन गोष्टींची गल्लत झालेली आहे. एका विमा कंपनीकडून दुसऱ्या विमा कंपनीकडे जाणे म्हणजे पोर्टेबिलिटी. ती ज्याची स्वतःची वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसी आहे त्याच्यासाठी असून त्याकरिता नूतनीकरणाच्या तारखेआधी निदान ४५ दिवस अर्ज करावा लागतो. गटविम्यातील सदस्याला जो हक्क आहे त्याचे नाव मायग्रेशन, म्हणजे त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम असलेल्या) पॉलिसीत जाणे. तुमच्या कारखान्याचा गटविमा आज ज्या कंपनीकडे आहे तिच्याच दारात तुम्हाला जावे लागेल; एजंटाच्या कंपनीत नव्हे. तेथे एकदा तुमची स्वतःची पॉलिसी झाली की पुढे नूतनीकरणाच्या वेळी ती पोर्ट करून हवे तिकडे जाता येते.

हा फरक शब्दांचा खेळ वाटेल, पण वडिलांचे सगळे काही त्यावर अवलंबून आहे. एजंटाने तुम्हाला ‘पोर्ट’ म्हणून साधी नवीन पॉलिसी विकली, तर वडिलांच्या मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा प्रतीक्षा काळ, म्हणजे ज्या काळात त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो काळ, शून्यापासून सुरू होईल. २०२४ पासून विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, आधीपासूनच्या आजारांसाठीचा हा काळ जास्तीत जास्त ३६ महिने ठरवला आहे. पूर्वी तो ४८ महिने होता. छत्तीस महिने म्हणजे वडील बहात्तर वर्षांचे होईपर्यंत त्यांच्या हृदयासाठी तुमच्याजवळ फक्त एक पावती असेल. याउलट मायग्रेशन करताना गटविम्यात काढलेली वर्षे प्रतीक्षा काळात जमा धरली जातात. अर्थात ती पाच लाखांच्या मर्यादेपर्यंतच जमा होतात. तुम्ही नवीन पॉलिसी दहा लाखांची मागितली तर वरच्या पाच लाखांना सगळे प्रतीक्षा काळ नव्याने लागतील.

आता पत्नीच्या काळजीविषयी. कोणत्याही कोऱ्या नवीन पॉलिसीला पहिले तीस दिवस आजारपणाचा क्लेम चालत नाही, फक्त अपघात चालतो. त्यामुळे १५ नोव्हेंबरला घेतलेली नवीन पॉलिसी तुमच्या सोळा दिवसांतील डेंग्यूला उपयोगी पडणार नाही, कारण सोळा दिवस संपतील तरी तिचे तीस दिवस संपलेले नसतील. मधली फट बुजवायची म्हणून लोक घाईने पॉलिसी घेतात आणि ती नेमकी त्या फटीतच झोपलेली असते. मायग्रेशनमध्ये हे तीस दिवसही आधीच पूर्ण झालेले धरतात. तेव्हा दोन्ही प्रश्नांचे उत्तर तुमच्या बाबतीत बऱ्याच अंशी एकच आहे.

बऱ्याच अंशी म्हणतो याचे कारण असे की, गटविम्यातून वैयक्तिक पॉलिसीत येताना कंपनीला वैद्यकीय तपासणी करण्याचा आणि प्रकृती पाहून निर्णय घेण्याचा अधिकार असतो. स्टेंट घातलेल्या ६९ वर्षांच्या मधुमेही गृहस्थांना कंपनी प्रीमियम वाढवून घेईल किंवा नाही म्हणेल. हक्क अर्ज करण्याचा आणि वर्षे जमा होण्याचा आहे. स्वीकृतीची हमी नाही. म्हणूनच उत्तर नोव्हेंबरात नव्हे, आता मिळवायला हवे. दिवाळी २० तारखेला सुरू होते आहे. तपासणी करणारे डॉक्टर आणि विमा कंपनीचे कर्मचारी या दोघांनाही फराळ असतो, हे लक्षात घेऊन याच आठवड्यात लेखी अर्ज द्या.

आस्थापना विभाग – ६ ऑक्टोबर २०२५

मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात एचआरमध्ये काम करते आणि दर महिन्याला विमा कंपनीकडे जाणारी नावे घालण्या-काढण्याची यादी माझ्याच हातून जाते. त्यामुळे काकांनी सांगितलेल्या गोष्टींमध्ये पलीकडच्या टेबलावरून दिसणाऱ्या काही गोष्टींची भर घालते.

पहिले म्हणजे, सध्याच्या कंपनीत आपला विमा नेमका कोणत्या दिवशी संपतो हे गृहीत धरू नका, विचारा. आमच्याकडे तो शेवटच्या कामाच्या दिवशी रात्री बारा वाजता संपतो; माझ्या आधीच्या कंपनीत तो महिनाअखेरीपर्यंत चालत असे. तुमच्याकडे दुसरा प्रकार असेल तर सोळा दिवसांचा प्रश्न आपोआपच मिटतो. हे एचआरकडून तोंडी नको, ई-मेलवर घ्या.

दुसरे, जे माणसे हमखास विसरतात. शेवटच्या दिवशी संध्याकाळी तुमचा कंपनीचा ई-मेल बंद होतो, आणि टीपीएच्या (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) पोर्टलचे लॉगिन त्याच ई-मेलवर असल्यामुळे तेही बंद होते. त्याआधी पाचही जणांची ई-कार्डे, चालू पॉलिसीचा क्रमांक, २०२१ च्या क्लेमचे मंजुरीपत्र आणि वडिलांचे डिस्चार्ज कार्ड आपल्या खासगी ई-मेलवर पाठवून ठेवा. तुमच्या कारखान्याने अकरा वर्षांत विमा कंपनी एकदा तरी बदललेली असणार. म्हणून जितक्या वर्षांचे मिळेल तितक्या वर्षांचे, सदस्यांची नावे असलेले विमा प्रमाणपत्र मागा. मायग्रेशनच्या अर्जात ‘मी अकरा वर्षे विमाधारक होतो’ असे लिहून चालत नाही, ते कागदाने दाखवावे लागते. गेल्या वर्षी एक सहकारी राजीनाम्यानंतर चार महिन्यांनी हाच कागद मागायला आले होते. तोपर्यंत आमचा टीपीए बदललेला होता आणि जुन्या टीपीएच्या ज्या माणसाला मी ओळखत होते त्यांनीही नोकरी बदललेली होती.

तिसरे नव्या कंपनीविषयी. रुजू झाल्यावर कुटुंबीयांची नावे देण्यासाठी साधारणपणे तीस दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत आई-वडिलांना घेतले नाही तर मध्येच त्यांना घेता येत नाही. थेट पुढच्या नूतनीकरणाची वाट पाहावी लागते. लग्न झाले किंवा मूल झाले तरच मध्ये नाव घालता येते, आणि आई-वडील या दोन्हींत बसत नाहीत. नावे व जन्मतारखा आधार कार्डाप्रमाणेच द्या. ‘शांताबाई’ आणि ‘शांता’ या दोन वेगळ्या स्त्रिया आहेत असे विमा कंपनीचे प्रामाणिक मत असते.

पहिली पाळी – ६ ऑक्टोबर २०२५

ताईंनी यादीचा उल्लेख केला म्हणून माझा अनुभव लिहितो. दोन वर्षांपूर्वी मी नवीन नोकरीत रुजू झाल्यावर आठव्या दिवशी मुलाला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स चाळीस हजारांवर आल्या आणि रात्री साडेअकराला त्याला भरती केले. रुग्णालयाच्या खिडकीवर कंपनीचे नाव सांगितले, पण टीपीएच्या प्रणालीत ना माझे नाव होते ना मुलाचे, कारण एचआरची यादी महिन्यातून एकदाच, २५ तारखेला जात असे. चाळीस हजार रुपये अनामत भरली, त्यातले पंचवीस हजार मेहुण्याने पाठवले, आणि पाच दिवसांनी पूर्ण बिल भरून घरी आलो.

पैसे परत मिळाले. विमा रुजू झाल्याच्या तारखेपासूनच लागू होता. फक्त ते कोणाला ठाऊक नव्हते. पण परतावा मिळायला दहा आठवडे लागले, आणि तो मिळाला याचे एकमेव कारण असे की, रुजू झाल्याच्या दिवशीच मी पत्नी व मुलाची नावे ई-मेलने पाठवली होती आणि एचआरने ‘मिळाले’ एवढे एका शब्दाचे उत्तर दिले होते. ते उत्तर मी क्लेमच्या कागदांना जोडले. तेव्हा गोदाकाठ यांनी १ डिसेंबरला ओळखपत्राचा फोटो काढून होण्याआधी तो ई-मेल पाठवावा, आणि पहिला महिना-दीड महिना अनामतीपुरते पैसे खात्यात मोकळे ठेवावेत.

हिशेबनीस – ६ ऑक्टोबर २०२५

माझे मत थोडे वेगळे आहे. वडिलांसाठी विमा कंपनी वाढीव प्रीमियम मागेल. आईचा धरून तो वर्षाला सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात जाईल आणि वयाप्रमाणे वाढत राहील. त्याऐवजी वडिलांना नव्या कंपनीच्या गटविम्यात घ्यावे. बत्तीस हजारांवर अठरा टक्के जीएसटी धरला तर ३७,७६० रुपये होतात. वाचलेले चाळीस हजार दरवर्षी वेगळ्या खात्यात टाकावेत. पाच वर्षांत दोन लाख साठतात, आणि वीस टक्के को-पे त्यातून सहज निघतो.

शिवाय सरकारी योजना आपण मध्यमवर्गीय लोक हिशेबातच धरत नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आता महाराष्ट्रात पांढऱ्या शिधापत्रिकेलाही लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देते. तिच्या यादीत अँजिओप्लास्टी आहे. वडिलांना सत्तर पूर्ण झाली की, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते आणि त्यावर वर्षाला पाच लाखांचे संरक्षण मिळते. खासगी विमा असला तरी ते मिळते. ते सत्तर व्हायला एकच वर्ष उरले आहे. रुग्णालय यादीतले असावे लागते, ही अडचण खरी आहे. पण दरवर्षी ऐंशी हजार भरण्याआधी नाशिकमधली आणि पिंपरी-चिंचवडमधली यादी निदान वाचून तरी पाहावी.

निवृत्त विमाकर्मी – ७ ऑक्टोबर २०२५

हिशेबनीस यांचा सरकारी योजनांविषयीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो मी लिहायला हवा होता. वय वंदना कार्ड वडिलांनी सत्तर पूर्ण होताच काढावे.

परंतु चाळीस हजार वाचवून गटविम्यावर विसंबण्याचा त्यांचा हिशेब एका गृहीतावर उभा आहे: ही नोकरी टिकेल, कंपनी आई-वडिलांना घेत राहील आणि अटी बदलणार नाहीत. गोदाकाठ यांचा आजचा प्रश्न याच गृहीतातून निर्माण झाला आहे. अकरा वर्षे पाच लाखांचा विमा होता आणि एका राजीनाम्याने तो गेला. पुढच्या वेळी वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे असतील. गटविमा भाड्याच्या घरासारखा असतो. राहायला छान असते, पण भिंतीला खिळा मारताना दोनदा विचार करावा लागतो. आता मायग्रेशनची जी संधी आहे ती जुन्या पाच लाखांच्या आणि अकरा वर्षांच्या जोरावर आहे.

जीएसटीबाबतही एक दुरुस्ती सुचवतो. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य पॉलिसींवरचा अठरा टक्के कर पूर्ण माफ झाला आहे, ज्येष्ठांच्या पॉलिसींसह. गटविम्याला ती माफी नाही. म्हणजे तुलनेत वैयक्तिक पॉलिसी गेल्या महिन्यापेक्षा स्वस्त झाली आहे. ज्येष्ठांचा प्रीमियम एका वर्षात दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी नियामकाशी विचारविनिमय करावा, असा आदेशही यंदा जानेवारीत निघाला आहे. त्यामुळे वाढ होईल, पण पूर्वीसारखी एकाएकी दीडपट होणे कठीण आहे.

अर्ज करताना आई-वडिलांची पॉलिसी वेगळी आणि तुम्हा तिघांची वेगळी मागा. सगळ्यांचा एकच फ्लोटर घेतला तर प्रीमियम घरातल्या सर्वांत वयस्क माणसाच्या वयाने ठरतो आणि वडिलांच्या दोन क्लेमनंतर मुलीसाठी काही उरत नाही.

आणि कृपा करून अर्जाचा फॉर्म स्वतः भरा. एजंट किंवा कंपनीचा मुलगा ‘गोळी चालू आहे म्हणजे आजार आटोक्यात आहे, लिहायची गरज नाही’ असे म्हणेल. मधुमेह, स्टेंट, थायरॉइड, गुडघे, सगळे लिहा, वर्षांसकट. माझ्या काळात फेटाळलेल्या क्लेमच्या फायली उघडल्या की त्यातल्या कित्येक फॉर्मवर अक्षर एकाचे आणि सही दुसऱ्याची दिसे. सलग साठ महिने विमा चालू राहिल्यानंतर माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारता येतो. पण साठ महिने हा फार लांबचा काळ आहे. पॉलिसी हातात आली की तिच्यासोबतची फॉर्मची प्रत वाचा. काही चुकीचे असेल तर तीस दिवसांत पॉलिसी परत करता येते.

पहिली पाळी – ७ ऑक्टोबर २०२५

एका गोष्टीकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. गोदाकाठ यांच्या सुपर टॉप-अपचे डिडक्टिबल पाच लाख आहे आणि नव्या कंपनीचा विमा तीन लाखांचा आहे. जुन्या कंपनीत हे दोन तुकडे एकमेकांना चिकटून होते. आता मध्ये दोन लाखांचे भोक पडते. उद्या वहिनींची शस्त्रक्रिया साडेसहा लाखांची झाली, तर तीन लाख कंपनी देईल, पाच लाखांच्या वरचे दीड लाख टॉप-अप देईल आणि मधले दोन लाख खिशातून जातील.

नव्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादाही पाहा. विमा रकमेच्या एक टक्का अशी अट असेल तर तीन लाखांवर दिवसाला ३,००० रुपये होतात. तुम्ही ६,००० ची खोली घेतली तर फक्त जास्तीचे तीन हजार भरून सुटका होत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंग हेही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे, मंजूर होते. औषधे, तपासण्या, शरीरात बसवलेली उपकरणे आणि अतिदक्षता विभागाचा खर्च यांना ही कात्री लागत नाही. भरती होताना नातेवाइकांना ‘स्वतंत्र खोली हवी ना?’ असे प्रेमाने विचारतात, तेव्हा हे आठवावे.

गोदाकाठ – ७ ऑक्टोबर २०२५

सर्वांचे मनापासून आभार. एचआरला आज विचारले. विमा शेवटच्या दिवशीच संपतो, महिनाअखेरीपर्यंत चालत नाही. एजंटाला ‘तुमच्या कंपनीत मायग्रेशन कसे करणार?’ एवढेच विचारले, तर तो म्हणाला की साहेबांशी बोलून सांगतो. विमा कंपनीच्या नाशिकच्या कार्यालयात उद्या जाऊन अर्ज देतो आणि पोच घेतो.

एक शंका आहे. वडिलांना कंपनीने नाकारले तर काय?

निवृत्त विमाकर्मी – ७ ऑक्टोबर २०२५

नकार लेखी मागा, कारणासह. कारण पटले नाही तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, मग नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर, आणि कंपनीने तीस दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. लोकपालाकडे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. मात्र खरे सांगायचे तर प्रकृती पाहून दिलेला नकार फिरवणे अवघड असते. कागद पाठवले नाहीत, वर्षे जमा धरली नाहीत, उत्तरच दिले नाही, अशा तक्रारी तेथे टिकतात.

तसे झालेच तर हिशेबनीस यांचा मार्ग धरा: नव्या कंपनीचा गटविमा, सत्तरीनंतर वय वंदना कार्ड आणि बाजूला ठेवलेले पैसे. त्या परिस्थितीत तुम्ही प्राप्तिकराची जुनी पद्धत घेत असाल तर पगारातून कापलेला आई-वडिलांचा प्रीमियम प्राप्तिकराच्या ८०डी कलमाखाली वजावट म्हणून दाखवा. ज्येष्ठ पालकांसाठी मर्यादा ५०,००० आहे आणि ती तुमच्या स्वतःच्या कुटुंबाच्या २५,००० पेक्षा वेगळी आहे. नव्या करपद्धतीत ही वजावट नाही.

गोदाकाठ – ३ डिसेंबर २०२५

पुढे काय झाले ते लिहायचे राहिले होते. ८ ऑक्टोबरला अर्ज दिला. कार्यालयातील पहिल्या व्यक्तीने असे काही होत नाही असे सांगितले. दुसऱ्या व्यक्तीने फॉर्म काढून दिला. आई-वडिलांची तपासणी १८ तारखेला, म्हणजे दिवाळीच्या दोन दिवस आधी झाली. वडिलांना उपाशीपोटी जायचे होते आणि घरात चिवडा परतत होता, त्यामुळे ते दिवसभर सर्वांवर रागावलेले होते.

आईला जसेच्या तसे स्वीकारले. वडिलांसाठी वाढीव प्रीमियम लावला. दोघांचा मिळून ७१,४०० रुपये झाला, विमा रक्कम पाच लाख, को-पे दहा टक्के. मधुमेह आणि हृदयविकार यांचा प्रतीक्षा काळ पूर्ण झाल्याचे पॉलिसीच्या तक्त्यात लिहून आले आहे; ते येईपर्यंत मी पैसे भरले नाहीत. गटविम्याची मागची सहा वर्षेच कागदाने सिद्ध करता आली, त्याआधीच्या विमा कंपनीची प्रमाणपत्रे कारखान्यात सापडली नाहीत, पण छत्तीस महिन्यांसाठी सहा वर्षे पुरेशी होती. आम्हा तिघांसाठी पाच लाखांचा फ्लोटर घेतला, त्यामुळे सुपर टॉप-अपचे डिडक्टिबल आहे तसेच राहू दिले. दोन्ही पॉलिसी १४ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून सुरू झाल्या. नव्या कंपनीत आई-वडिलांची नावे दिली नाहीत. हिशेबनीस रागावणार नाहीत अशी आशा आहे, कारण वय वंदना कार्डासाठी वडिलांची तारीख मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवली आहे.

परवा सकाळी फाटकातून आत जाण्याआधी पत्नीचे आणि मुलीचे नाव ई-मेलने पाठवले. आज ई-कार्डे आली. त्यांत मुलीचे नाते ‘मुलगा’ असे छापलेले आहे. दुरुस्तीचा ई-मेल पाठवला आहे आणि एचआरच्या ‘मिळाले’ या उत्तराची वाट पाहतो आहे.